उतारा आत घेण्याची रीत

दुसऱ्याचे लेखन जसेच्या तसे द्यायचे असेल आणि ते चार-पाच ओळींहून लांब असेल, तर त्याचा स्वतंत्र परिच्छेद करून तो डाव्या समासापासून, आणि पुष्कळदा उजव्याही समासापासून, थोडा आत घेतात. अशा परिच्छेदाला अवतरणचिन्हे लावत नाहीत. सोडलेली कोरी जागाच त्यांचे काम करते. संगणकावर ही जागा बहुधा अर्धा इंच असते. वर्डची पट्टी सेंटिमीटरमध्ये ठेवणाऱ्याला तिथे १.२७ हा विचित्र आकडा दिसतो, तो याच अर्ध्या इंचाचा. हे माप कुणा ग्रंथकाराने किंवा मुद्रकाने शोभेसाठी ठरवलेले नाही. उतारा वेगळा दाखवण्याची गरज दोन हजार वर्षे जुनी आहे. ती कशी भागवायची हे मात्र त्या त्या काळी हाताशी असलेल्या साधनाने ठरवले, आणि साधन मोडीत निघाल्यावरही त्याची सवय मागे राहिली.

यातली सर्वांत जुनी खूण समासातली आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात होमरच्या काव्याची पाठचिकित्सा करणारा अ‍ॅरिस्टार्कस हा पंडित लक्षणीय ओळींच्या डाव्या बाजूला कोनाच्या आकाराची खूण करी. तिला ग्रीक भाषेत ‘डिप्ले’ म्हणत. या ओळीबद्दल काही सांगण्यासारखे आहे, एवढाच तिचा अर्थ. अवतरणाशी तिचे नाते नव्हते. ते जोडले ख्रिस्ती लेखनिकांनी. चौथ्या शतकातल्या ‘कोडेक्स व्हॅटिकानस’ या बायबलच्या हस्तलिखितात नव्या करारात जुन्या करारातले वचन आले की त्या ओळींशेजारी ही खूण केलेली आढळते. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिडोर याने आपल्या कोशात ती धर्मग्रंथातील वचने दाखवण्यासाठी वापरतात, अशी नोंदच केली. उताऱ्याच्या ओळी मात्र बहुधा बाकीच्या ओळींच्याच रांगेत राहत. कातड्यापासून केलेल्या पानावर कोरी जागा सोडणे ही चैन होती, आणि समास तसाही मोकळाच असे. पुढे मध्ययुगात उताऱ्याखाली तांबडी रेघ ओढणे किंवा तो तांबड्या शाईने लिहिणे हेही रूढ झाले.

भारतीय पोथीने याच अडचणीतून वेगळी वाट काढली. संस्कृत टीकाकार मूळ श्लोकातला पहिला शब्द किंवा शब्दगट ‘प्रतीक’ म्हणून घेतो, त्यापुढे ‘इति’ म्हणतो आणि अर्थ सांगू लागतो. अवतरण कुठे संपले हे सांगायला ‘इति’ पुरेसा असल्यामुळे चिन्हाची गरज भासली नाही. पानाच्या मांडणीतूनही ही विभागणी होत असे. ‘त्रिपाठ’ पद्धतीच्या पोथीत मूळ ग्रंथ मधोमध ठसठशीत अक्षरात आणि त्याच्या वर-खाली बारीक अक्षरात टीका. ‘पंचपाठ’ पद्धतीत टीका डाव्या-उजव्या समासातही उतरे. आजच्या पुस्तकात लेखकाचे निवेदन मोठ्या अक्षरात आणि दुसऱ्याचे शब्द लहान अक्षरात असतात. पोथीत नेमके उलटे होते: ज्याचे शब्द उद्धृत करायचे तो मोठा आणि भाष्यकार लहान. दोन्ही पद्धतींत अक्षराच्या आकाराने अधिकार दाखवला जातो, तो कुणाचा एवढाच फरक.

मराठीलाही शब्दांनीच कुंपण घालण्याची सवय होती. वाक्याच्या आरंभी ‘की’ आणि अखेरीस ‘असे’ किंवा ‘म्हणून’ या जोडीत कितीही लांब मजकूर मावतो. पेशवाईतल्या मोडी पत्रव्यवहारात ही युक्ती फार उपयोगी पडली. उत्तर लिहिताना आधी आलेल्या पत्रातला मजकूर पुन्हा सांगण्याचा प्रघात होता. ‘तुम्ही लिहिले की’ येथून तो सुरू होई आणि ‘म्हणोन लिहिले ते कळले’ येथे संपे. त्यानंतर ‘त्यास’ म्हणून उत्तर. एकाच पत्रात असे चार-पाच विषय आले तरी कोणते वाक्य कोणाचे याबद्दल वाचणाऱ्याचा गोंधळ होत नसे, आणि हे सारे शब्दही न तोडता सलग लिहिलेल्या लिपीत, विरामचिन्हांवाचून. कारकुनी भाषेने उताऱ्याचा प्रश्न किती सफाईने सोडवला होता, याकडे मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष कमीच गेले आहे.

युरोपात छपाई आली तेव्हा हस्तलिखितातली समासातली खूण खिळ्यांच्या रूपाने आली. वेगळी खूण पाडण्याऐवजी मुद्रकांनी हाताशी असलेला स्वल्पविराम घेतला आणि दोन-दोन स्वल्पविराम ओळीच्या बाहेर समासात बसवले. सोळाव्या-सतराव्या शतकात या चिन्हांचा अर्थ अजून पक्का झाला नव्हता. १६०३ साली छापलेल्या ‘हॅम्लेट’च्या पहिल्या प्रतीत कोरॅम्बिस, म्हणजे पुढच्या प्रतींतला पोलोनियस, मुलाला उपदेश करतो त्या ओळींच्या आरंभी ही चिन्हे आहेत. तिथे ती ‘हे दुसऱ्याचे शब्द’ असे सांगत नाहीत. ‘हे सुभाषित वहीत उतरवून घ्यावे’ असे सुचवतात. हळूहळू चिन्हे समासातून ओळीत शिरली आणि परक्या शब्दांपुरती उरली. तरी जुनी सवय सुटली नव्हती. अठराव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकात वीस ओळींचा उतारा असला तर वीसही ओळींच्या आरंभी अवतरणचिन्ह दिसते. मूळ खूण ओळीशेजारची होती, त्यामुळे ती प्रत्येक ओळीला हवीच अशी समजूत होती. एखादा शब्द वाढला की पुढच्या सगळ्या ओळी सरकत आणि प्रत्येक चिन्ह काढून नव्या ठिकाणी बसवावे लागे. एकोणिसाव्या शतकात ही रीत मागे पडून आरंभी एक आणि अखेरीस एक एवढीच चिन्हे उरली. अनेक परिच्छेदांच्या अवतरणात प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी चिन्ह उघडायचे आणि मिटायचे फक्त शेवटी, हा नियम आज अनेकांना चुकल्यासारखा वाटतो. तो त्या जुन्या सवयीचा अवशेष आहे.

याच काळात लांब उताऱ्यांसाठी दुसरा मार्ग रूढ झाला. उतारा मुख्य मजकुराहून एक-दोन आकार लहान खिळ्यांत जुळवायचा आणि चिन्हे गाळायची. जुळाऱ्याच्या दृष्टीने हे सोपे होते. लहान खिळ्यांचा वेगळा खण उघडायचा, ओळींमधल्या शिशाच्या पट्ट्या कमी करायच्या आणि काम पुढे चालू ठेवायचे. कागदाचीही बचत होई. उतारा आत घ्यायचा तर प्रत्येक ओळीच्या तोंडाशी शिशाचा कोरा तुकडा, म्हणजे क्वाड, बसवावा लागे किंवा ओळ जुळवण्याच्या पट्टीचे, म्हणजे स्टिकचे, माप बदलावे लागे. लहान खिळे वापरल्यावर बहुतेक वेळा त्याची गरजच उरत नसे. छापखान्यांच्या भरभराटीच्या काळात उताऱ्याची मुख्य ओळख लहान अक्षर ही होती. कोरी जागा नंतर जोडीला आली.

मराठी छपाईत ही व्यवस्था परक्या शिक्षकाकडून आली. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांत छापले गेले. पण मराठी गद्यात चिन्हे कशी आणि कुठे वापरायची याची शिस्त लागायला आणखी काही दशके लागली. ती लावण्याचे श्रेय मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या कामातले सहकारी मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० मधली. अवतरणचिन्हे मराठीत या वाटेने आली आणि ‘असे’, ‘म्हणून’ यांच्या जोडीला बसली. मराठी वाक्यात त्यामुळे आजही दुहेरी कुंपण असते: चिन्हही असते आणि ‘असे तो म्हणाला’ हेही. भाषेच्या दृष्टीने यातले एक फाजील आहे, पण इतक्या वर्षांनी ते खटकत नाही.

लहान खिळ्यांचा मार्ग मराठी मुद्रकांना इंग्रजी मुद्रकांइतका सोपा नव्हता. रोमन लिपीचा जुळारी शंभरभर खिळ्यांत काम भागवतो. देवनागरीला जोडाक्षरे, अर्धी अक्षरे आणि मात्रांसह कित्येक शे खिळे लागतात. दुसरा आकार ठेवायचा म्हणजे तेवढा सगळा संच पुन्हा विकत घ्यायचा आणि तेवढे खण पुन्हा मांडायचे. त्यात वरच्या-खालच्या मात्रांचे बारीक तुकडे लवकर झिजत, मोडत आणि शाईने भरून जात. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजी यांनी ही अडचण कारागिरीने दूर केली. १८६९ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या निर्णयसागर छापखान्यातल्या संस्कृत ग्रंथांत एकाच पानावर मूळ श्लोक मोठ्या खिळ्यांत, त्याखाली टीका लहान खिळ्यांत आणि पाठभेद आणखी बारीक अक्षरात दिसतात. त्रिपाठ पोथीची मांडणी शिशात उतरवायची तर तीन आकारांचे स्वच्छ खिळे हवेत, आणि ते निर्णयसागरकडे होते. ज्यांच्याकडे एकच संच असे त्या छापखान्यांना अवतरणचिन्हांवरच भागवणे क्रमप्राप्त होते. पद्याचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला. पोथीत सलग लिहिलेल्या ओव्या आणि श्लोक छापील पुस्तकात चरणाचरणांनी वेगळ्या ओळींत आले. गद्यात मध्येच एखादी ओवी आली तर ती ओळीच्या मधोमध बसू लागली. मराठी वाचकाला आत घेतलेल्या मजकुराची पहिली ओळख झाली ती या पद्यपंक्तींतून. इतिहाससंशोधनात तर उताऱ्याचा ग्रंथ झाला. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत १८९८ च्या पहिल्या खंडापासून जुने कागद लेखांक देऊन अखंड छापलेले आहेत. तिथे संपादकाचा मजकूरच प्रस्तावनेत आणि टिपांत जाऊन बसतो.

लहान अक्षराची सद्दी टंकलेखन यंत्राने संपवली. १८७४ मध्ये अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीचे पहिले यंत्र बाजारात आले आणि काही दशकांत कचेऱ्या, न्यायालये व विद्यापीठे त्याच्यावर चालू लागली. या यंत्राला एकच आकार ठाऊक होता. अक्षर लहान करता येत नव्हते, तिरके करता येत नव्हते, ठळक करायचे तर त्याच जागी पुन्हा ठोकावे लागे. टंकलेखकाच्या हातात उरल्या दोनच गोष्टी: ओळींमधले अंतर आणि कागद धरून सरकणाऱ्या गाडीची जागा. बाकीचा मजकूर दुहेरी अंतराने आणि उतारा एकेरी अंतराने, समासापासून आत घेऊन, ही पद्धत यातून आली. अंतर अक्षरांच्या संख्येत मोजले जाई. पायका आकाराच्या यंत्रावर एका इंचात दहा अक्षरे बसतात. म्हणजे पाच वेळा जागा सोडली की बरोबर अर्धा इंच होतो, दहा वेळा सोडली की एक इंच. आजच्या अर्ध्या इंचाचा उगम या पाच ठोक्यांत आहे.

टंकलेखकाच्या या कामचलाऊ युक्तीचा नियम केला विद्यापीठांनी. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची लेखनपुस्तिका १९०६ पासून निघत होती, पण ती मुद्रकांसाठी होती. त्याच विद्यापीठात प्रबंधांची तपासणी करणाऱ्या केट टुराबियन यांनी १९३७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी छोटी पुस्तिका तयार केली, आणि यंत्रावर टंकलेला प्रबंध कसा दिसावा हे त्यातून ठरत गेले. उतारा किती लांब झाला म्हणजे आत घ्यायचा, यावर मात्र एकमत झाले नाही. शिकागोच्या पुस्तिकेत मर्यादा साधारण शंभर शब्दांची आहे, अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या नियमांत चाळीस शब्दांची, तर भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या एमएलए पद्धतीत गद्याच्या चार ओळींहून आणि पद्याच्या तीन ओळींहून अधिक अशी. एमएलएचा नियम बराच काळ दहा अक्षरांचा, म्हणजे एक इंचाचा होता. तो अर्धा इंच झाला २०१६ मध्ये, टंकलेखन यंत्रे अडगळीत गेल्यानंतर. भारतात गोदरेजने १९५५ पासून टंकलेखन यंत्रे बनवायला सुरुवात केली. देवनागरी यंत्रावर टंकलेले मराठी प्रबंध याच साच्यातले आहेत.

पहिल्या शब्दसंस्करण प्रणाली टंकलेखकांसाठीच लिहिलेल्या होत्या, त्यामुळे त्यांनी यंत्राच्या सवयी जशाच्या तशा उचलल्या. १९७८ मध्ये आलेल्या वर्डस्टारमध्ये कंट्रोलबरोबर ओ आणि जी दाबले की परिच्छेद संपेपर्यंत डावा समास एक टप्पा आत सरके. वर्डपरफेक्टमध्ये एफ ४ ही कळ डावीकडून आत घेई, आणि शिफ्टसह तीच कळ दोन्हीकडून. बारीक बदल दिसला तरी त्यात मोठी गोष्ट होती. टंकलेखकाला प्रत्येक ओळीच्या आरंभी गाडी आणून थांबवावी लागे. इथे परिच्छेदाला एकदा सांगितले की त्यातल्या सगळ्या ओळी आपोआप आत जात, शब्द वाढले-घटले तरी. अठराव्या शतकातल्या जुळाऱ्याची जी दमछाक होई ती या कळीने थांबवली.

झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७४ मध्ये ‘ब्राव्हो’ ही प्रणाली तयार झाली. तिच्या कर्त्यांपैकी चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये ‘वर्ड’ आले. वर्डमध्ये परिच्छेदाची सगळी मांडणी त्याच्या अखेरीस असलेल्या, एरवी न दिसणाऱ्या परिच्छेदचिन्हात साठवलेली असते. ते चिन्ह चुकून खोडले की उतारा शेजारच्या परिच्छेदात मिसळतो आणि त्याचे रूप बिघडते. मोजमाप आत पॉइंटच्या विसाव्या हिश्श्यात चालते. एका इंचात असे १,४४० भाग, म्हणून अर्ध्या इंचाचे ७२०. कंट्रोल आणि एम दाबले की परिच्छेद एक टप्पा आत जातो, आणि तो टप्पा मुळात अर्ध्या इंचाचाच असतो.

तरीही यंत्राची बोटांना लागलेली सवय सुटायला वेळ लागला. संगणकावरही अनेकजण प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारून पुढच्या ओळीच्या आरंभी पाच-सहा स्पेस देत आणि पडद्यावर उतारा आत दिसला की समाधान मानत. फाँट बदलला, कागदाचा आकार बदलला की या ओळी मध्येच तुटतात. मराठीत याचा फटका जास्त बसला. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या प्रणालींत जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना अक्षरांची रुंदी बदलते, आणि स्पेसवर उभे केलेले उतारे दर दोन शब्दांनंतर मोडलेले दिसतात. ते हाताने जोडण्यात मुद्रितशोधकाचे दिवस जातात.

मांडणी कळीने करण्याऐवजी मजकुराला नाव द्यावे, हा विचार तोवर संगणकशास्त्रज्ञांनी पुढे आणला होता. ब्रायन रीड यांच्या ‘स्क्राइब’ या १९८० च्या प्रणालीत लेखकाने ‘हे अवतरण’ एवढेच सांगायचे. ते किती आत घ्यायचे हे प्रणाली ठरवी. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेक या प्रणालीत अवतरणासाठी दोन नावे आहेत, एक छोट्या उताऱ्यांसाठी आणि एक अनेक परिच्छेदांच्या उताऱ्यांसाठी. वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेने हीच कल्पना ‘ब्लॉककोट’ या खुणेतून घेतली. ब्राउझर अशा मजकुराला दोन्ही बाजूंनी जागा सोडत. लोकांनी मग नावाचाच उपयोग जागेसाठी केला: काहीही आत घ्यायचे असले की ते अवतरण आहे असे सांगायचे. हा गैरवापर इतका बोकाळला की एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीच्या नियमावलीत केवळ जागा सोडण्यासाठी ही खूण वापरू नये, असे लिहावे लागले. ई-मेलात तर जुनी डिप्लेच परत आली. उत्तर देताना मूळ पत्राच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी कोनाची खूण येऊ लागली, आणि जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ‘मार्कडाउन’ ही मांडणीच्या खुणांची पद्धत बनवताना तीच उचलली. ओळीच्या आरंभी खूण टंकली की वाचणाऱ्याला खूण दिसत नाही. परिच्छेद आत गेलेला दिसतो.

वर्डच्या २००७ च्या आवृत्तीत ‘कोट’ नावाची तयार शैली आली. ती अक्षरे तिरकी करते. रोमन लिपीत तिरक्या अक्षराला स्वतःचा वंश आहे. व्हेनिसचा मुद्रक आल्डुस मानुशियस याने १५०१ मध्ये ते छपाईत आणले, आणि ते वेगळ्या हस्ताक्षरावरून घेतलेले आहे. देवनागरीत अशी दुसरी वळणे घडली नाहीत. संगणक सरळ अक्षरच ढकलून तिरके करतो, शिरोरेषा तशीच आडवी राहते आणि काने कलतात. पानभर उतारा असा वाचणे डोळ्यांना त्रासाचे होते. शिवाय वर्ड देवनागरीची गणना ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’मध्ये करते आणि तिचा आकार व तिरकेपणा वेगळा नोंदवते. शैलीत फक्त रोमन अक्षराचा आकार कमी केला तर इंग्रजी शब्द लहान होतात आणि मराठी जिथल्या तिथे राहते. म्हणून मराठी मजकुरासाठी नवी परिच्छेद-शैली करून तिला ‘उतारा’ असे काही नाव देणे सोयीचे पडते. तिच्यात तिरकेपणा काढायचा, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या रकान्यात आकार मुख्य मजकुराहून एक पॉइंट कमी करायचा, डावीकडे व हवे तर उजवीकडे जागा सोडायची, उताऱ्याच्या वर-खाली सहा पॉइंट अंतर ठेवायचे आणि पहिली ओळ वेगळी आत घ्यायची नाही. उताऱ्यानंतर तोच विचार पुढे चालत असेल तर पुढचा परिच्छेदही आत न घेता समासापासूनच सुरू करतात, आणि संदर्भ उताऱ्याच्या पूर्णविरामानंतर देतात.